मोरीखालची तुळई

आमच्या गिरगावातल्या चाळीत तळमजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, एक काळा फळा आहे. एकेकाळी त्यावर गणेशोत्सवातले कार्यक्रम, दहावीला पहिल्या वर्गात आलेल्या मुलांची नावे आणि अधूनमधून एखाद्या अंत्ययात्रेची वेळ लिहिली जात असे. गेल्या फेब्रुवारीत त्यावर "रविवारी सकाळी १० वाजता सर्व भाडेकरूंची सभा. विषय : दुरुस्ती" एवढीच ओळ होती. कोणीतरी तिचा फोटो चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला आणि बोरिवलीच्या माझ्या सातव्या मजल्यावरच्या घरात बसून मी लगेच एक लांबलचक मजकूर लिहायला घेतला. आपली लाकडी गॅलरी, तिचे नक्षीदार खांब आणि कठडे यांना कोणीही हात लावू नये, असे माझे म्हणणे होते.

तो मजकूर आज वाचताना मला संकोच वाटतो, तरी त्यात काय होते हे सांगायला हवे. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, मी उदाहरणादाखल घेतले होते. इंग्लंडमध्ये घडवून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर १८६० च्या दशकात उभारलेली ही इमारत. लुमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी तिथेच झाला. मुंबईचा इतिहास सांगणारा प्रत्येक माणूस तिचे नाव प्रेमाने घेतो, आणि तरीही २०१९ मध्ये धोकादायक ठरल्यामुळे ती रिकामी करावी लागली. मी तिच्याबद्दल हळहळलो होतो. त्यापुढे भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे उदाहरण होते. अनेक वर्षे खितपत पडलेली ती वास्तू काळजीपूर्वक जीर्णोद्धार होऊन २००८ मध्ये पुन्हा खुली झाली आणि त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला होता. पण ही दोन्ही उदाहरणे माझ्याच म्हणण्याच्या विरोधात जातात, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. जी वास्तू वाचली ती दुरुस्त झाली म्हणून वाचली, आणि जिच्यावर सर्वांनी नुसते प्रेम केले ती परांच्यांत कोंडली गेली.

मजकुराचा शेवट मी आमच्या खोलीने केला होता. तिसऱ्या मजल्यावरची ती खोली आई गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षे, कुलूपबंद आहे. गणपतीत आणि दिवाळीच्या सुमारास मी तिथे जातो, खिडकी उघडतो, देव्हाऱ्यासमोर उदबत्ती लावतो, तासभर बसतो आणि परत येतो. आईने मांडलेली भांडी तशीच आहेत, तिचा चष्मा कोनाड्यात आहे, आणि "मोरीतला तांब्याचा हंडा अजूनही काठोकाठ भरलेला असतो," असे मी लिहिले होते. शेजारच्या कोणाकडे तरी किल्ली असेल आणि आईची आठवण म्हणून कोणी तो भरून ठेवत असेल, अशी माझी समजूत होती. ती मी कधी पडताळून पाहिली नव्हती, कारण ती मला आवडत होती.

त्या मजकुरावर पुष्कळ लाल बदाम आले. ते कोणी पाठवले हे मी पुढे कधीतरी निवांत पाहिले. ठाणे, डोंबिवली, पुणे, दोन अमेरिकेतले आणि एक दुबईचा. चाळीत आज राहणाऱ्या एकाही माणसाने बदाम पाठवला नव्हता.

आमच्यासारख्या चाळींची ही अवस्था कशी झाली, याची हकीकत लांब आहे, पण तिचा गाभा माझ्या वडिलांच्या भाडेपावत्यांच्या पुडक्यात सापडतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच प्रमाण भाडे मानले. त्यामुळे आमच्या खोलीचे भाडे माझ्या मुंजीच्या वेळी जेवढे होते त्याच्या जवळपासच माझ्या लग्नाच्या वेळीही होते, आणि त्या रकमेत मालकाला जिन्याची एक पायरीसुद्धा बदलता आली नसती. मालकांनी हात काढून घेतले आणि चाळी कोसळू लागल्या. तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्तीचा कायदा आला, भाडेकरूंकडून उपकर घेऊन दुरुस्ती करणारे मंडळ उभे राहिले आणि पुढे ते म्हाडाचा भाग झाले. उपकराच्या हिशेबात मूळच्या १९,६४२ इमारती होत्या आणि त्यांतल्या १६ हजारांहून अधिक 'अ' वर्गातल्या, म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. आमची चाळ त्यांतलीच. पागडी, म्हणजे खोली घेताना मोठी एकरकमी रक्कम, देऊन आलेला भाडेकरू स्वतःला मालक समजतो, कागदावरचा मालक स्वतःला फसवला गेलेला समजतो, आणि भिंत मात्र कोणाचीच नसते.

सभेला मी वेळेवर पोचलो. चर्नी रोडला उतरून पूल ओलांडताना मनात भाषणाची जुळवाजुळव चालू होती. चौकात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि अजाणताच त्यांचे दोन भाग पडले होते. एका बाजूला कुलूपबंद खोल्यांचे आम्ही भाडेकरू, इस्त्रीचे कपडे घालून आलेले, एकमेकांच्या मुलांची चौकशी करणारे. दुसऱ्या बाजूला राहती माणसे, त्यांतली काही घरच्याच कपड्यांत, मध्येच उठून गॅसवरचे दूध पाहून येणारी. पुनर्विकासाचा विषय निघालाच. निम्म्याहून अधिक भाडेकरूंची संमती, प्रत्येकाला किमान ३०० चौरस फुटांचे घर, तोवर संक्रमण शिबिर किंवा भाडे, हे सारे बोलून झाले. विकासकांचे दोन जुने अनुभव सर्वांच्या मनात ताजे असल्यामुळे तो विषय पंधरा मिनिटांत बाजूला पडला. मलाही इथे त्यात शिरायचे नाही.

मग मी उठलो आणि गॅलरीवर बोललो. बरे बोललो असेन, कारण आमच्या बाजूने टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, बरोबर आमच्या खोलीखाली राहणाऱ्या, बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "छान लिहितोस तू, वाचलं मी. पण आठवणी तुझ्या आहेत आणि टेकू माझ्या खोलीत आहे. तो तेवढा वर येऊन बघ."

वर गेलो. काकूंच्या खोलीत, ओट्यापासून दीड हातावर, लोखंडी टेकू उभा होता. खाली फळकूट, वर फळकूट, मध्ये फिरकीने घट्ट केलेला नळ. तो तिथे चौदा महिने होता. टेकूमुळे कपाट सरकवावे लागले होते, कपाटामुळे पलंग, आणि पलंगामुळे काकूंचा नातू गॅलरीत झोपत होता, त्याच गॅलरीत जिला कोणी हात लावू नये असे मी म्हणत होतो. छताच्या त्या कोपऱ्यात रंगाचे पोपडे लोंबत होते आणि त्यांच्या कडांना मिठासारखी पांढरी बुरशी धरली होती. ही ओल जमिनीखालच्या खोदकामाने भिंत हलल्यामुळे आली, असे एक मत सभेत मांडले गेले होते; कोणी पावसाला, कोणी सत्तर साली बदललेल्या कौलांना दोष दिला होता. भेंडीबाजारात पाकमोडिया स्ट्रीटवरची इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळून तीसहून अधिक माणसे गेली होती. तिची आठवण निघाल्यावर काही वेळ कोणीच काही बोलले नव्हते.

मंडळाच्या अभियंत्याबरोबर एक वयस्कर मिस्त्री आले होते, पूर्वी सुतारकाम करणारे. त्यांनी शिडी लावली, तुळईवर मधोमध हातोडीचा दांडा मारला, तेव्हा खणखणीत 'ठक्' असा आवाज आला. एक हात सरकून पुन्हा मारला, तसाच. भिंतीजवळ गेल्यावर आवाज एकदम बसला, पिठाच्या गोणीवर मारल्यासारखा. मग त्यांनी खिशातला लांब पेचकस काढून तुळईच्या टोकाला लावला आणि फारसा जोर न लावता तो मुठीपर्यंत आत नेला. बाहेर काढला तेव्हा त्याच्याबरोबर ओला, कॉफीच्या चोथ्यासारखा भुगा माझ्या तळहातावर पडला. शंभर वर्षांपूर्वीचा सागवान होता तो. कोरडा राहिला तर सागवान माणसाच्या चार पिढ्या पाहतो, पण भिंतीत घुसवलेल्या टोकाला वारा लागत नाही, आणि तिथे रोज थोडेसे पाणी मिळाले तर तो आतून कुजतो, बाहेरून मात्र धट्टाकट्टा दिसतो, असे मिस्त्रींनी सांगितले. मग वर बोट दाखवून त्यांनी विचारले, "ह्याच्यावर काय आहे?"

ह्याच्यावर आमची मोरी होती.

काकू काही बोलल्या नाहीत. बोलण्याची गरजही नव्हती, कारण त्यांनी मला याआधी दोनदा सांगितले होते, एकदा जिन्यात आणि एकदा फोनवर, की तुझ्या खोलीतून ओल येते. दोन्ही वेळा "बघतो, काकू" असे म्हणून मी विषय टाळला होता. मोरी फोडायची म्हणजे वडिलांनी १९८६ साली बोनसच्या पैशांतून बसवलेल्या पांढऱ्या टाइल्स फोडायच्या, आणि त्यांतल्या एकीवर आईने चिकटवलेले लक्ष्मीचे चित्र आहे. ते मला नको होते. माझ्या मते मी खोली जपत होतो.

कुलूप उघडले. हंडा काठोकाठ भरलेला होता. मिस्त्रींनी नळ घट्ट करून पाहिला, मग हंड्याखाली हात घालून हात पुढे धरला. तळवा चिखलाने माखला होता. "पाणी किती वाजता येतं?" त्यांनी विचारले. पहाटे पाच ते साडेसहा. मी सहा वर्षांत या खोलीत आलो तो दुपारी किंवा संध्याकाळी, आणि त्या वेळी नळ कोरडा असे. रोज पहाटे दीड तास तो ठिबकत होता, हंडा भरत होता, भरून सांडत होता, आणि सांडलेले पाणी टाइल्सच्या सुटलेल्या सांध्यांतून खाली तुळईच्या टोकाशी जात होते. कोणी आईची आठवण म्हणून हंडा भरत नव्हते. ज्या भरलेल्या हंड्याकडे पाहून माझे मन भरून येत होते, तो काकूंचे छत कुजवत होता, आणि त्याबद्दल मी एक सुंदर वाक्य लिहून तेहतीस बदाम मिळवले होते.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी, नाहीतर दुरुस्ती म्हणजे सारे चांगलेच असे वाटेल. आमच्या चाळीची एक दुरुस्ती नव्वदच्या दशकात झाली होती आणि तिने केलेले नुकसान आजही दिसते. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुना ओल शोषतो तशी बाहेरही सोडतो. त्यावर जाड सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, विटा मऊ पडतात आणि चार पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटून येतो. जिन्याच्या भिंतीला नेमके हेच झाले. तुटलेल्या नक्षीच्या जागी त्या वेळी पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या, त्या गंजून त्यांनी शेजारचे चांगले लाकूडही डागाळले. म्हणजे लाकडी गॅलरीबद्दलची माझी भीती अगदीच बिनबुडाची नव्हती. चूक होती ती वेगळीच. वाईट दुरुस्तीचा दाखला देऊन मी दुरुस्तीच नाकारत होतो, आणि त्या नकाराचा भार माझ्या अंगावर पडत नव्हता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मोरी फोडली. मी दोन दिवस रजा काढून तिथे थांबलो. आधी तीन कप्पे भरून भांडी खोक्यांत गेली, देव्हारा बोरिवलीला नेला. लक्ष्मीचे चित्र असलेली टाइल अखंड काढण्याचा प्रयत्न गवंड्याने मनापासून केला, छिन्नीने कडेकडेने सोडवत आणली, आणि शेवटच्या ठोक्याला ती तिरकी तडकली. त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "राहू द्या, पुढचं घ्या." टाइल्सखाली शहाबादी फरशी निघाली, म्हणजे आजोबांच्या काळातली मोरी, आणि तिच्याखाली चुन्याचा कोबा. वडिलांनी टाइल्स बसवताना त्यांच्या वडिलांच्या फरशीवर सरळ सिमेंट ओतले होते. उतार उलटा झाला होता आणि पाणी जाळीकडे जाण्याऐवजी भिंतीच्या कोपऱ्यात साचत होते. सहा वर्षांचा दोष माझा होता, पण त्याची सुरुवात १९८६ सालची होती. वडील हौशी होते, कामात व्यवस्थित होते, घरातले फ्यूज स्वतः बदलत. उतार मात्र चुकला होता. त्यांच्याबद्दल हे एक वाक्य लिहायला मला त्यांच्यावरच्या चार कौतुकाच्या लेखांपेक्षा जास्त वेळ लागला.

खाली काकूंच्या खोलीत तुळई जॅकवर तोलून धरली, कुजलेले सव्वादोन फूट कापून काढले आणि चांगल्या लाकडाला दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल लावून आरपार बोल्ट मारले. पूर्ण तुळई बदलून लोखंडी आय गर्डर टाका, असे कंत्राटदाराचे म्हणणे होते. त्यात त्याचे काम सोपे आणि बिल मोठे होते. मिस्त्रींनी ते होऊ दिले नाही. उरलेले अकरा फूट लाकूड निकोप आहे, ते का टाकायचे, असा त्यांचा साधा प्रश्न होता. लोखंडाला गंजविरोधी रंगाचे दोन हात दिले, भिंतीतल्या खाचेत लाकडाचे टोक पुन्हा घुसवण्याऐवजी चॅनेलला टेकायला दगडी बैठक केली आणि बाजूला वारा खेळेल एवढी फट ठेवली. वर मोरीत नवा नहाणी ट्रॅप बसला, विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून योग्य तो उतार काढला, आणि दोन दिवस मोरीत पाणी तुंबवून ठेवून खाली थेंब येतो का ते पाहिले. मोरीचा सारा खर्च बासष्ट हजार रुपये आला, तो मी दिला. तुळईचा खर्च मंडळाच्या कामात धरला गेला, तोही खरे तर माझ्याच खाती पडायला हवा होता.

टेकू काढला त्या दिवशी काकूंनी सर्वांना चहा दिला. फळकुटाच्या जागी फरशीवर चौकोनी खड्डा पडला होता. त्या म्हणाल्या, "हे भरू नका आता, उगाच पसारा." आणि तिथे तांदळाचा डबा ठेवून टाकला. मी माफी मागितली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे न पाहता कपबश्या गोळा केल्या आणि म्हणाल्या, "तुझी आई असती तर वर्षभर आधीच नळ बदलला असता. तिला थेंब वाया गेलेला चालायचा नाही." सहा वर्षे आईची आठवण जपताना ही एवढी ठळक गोष्ट मी कशी विसरलो होतो, ते मला समजत नाही. ठिबकणाऱ्या नळाखाली ती चिंधी बांधत असे, की पाण्याचा आवाजही होऊ नये आणि थेंब बरोबर भांड्यात पडावा.

आता राहिला गॅलरीचा कठडा. त्यासाठी पुढची सभा येत्या रविवारी आहे. मिस्त्रींनी आमच्या मजल्यावरच्या अकरा गाळ्यांतला कठडा ठोकून तपासला. चार पूर्ण पोखरलेले, सात चांगले. संपूर्ण कठडा लोखंडी करावा असा एक प्रस्ताव आहे, संपूर्ण कठडा आहे तसा ठेवावा असा दुसरा, आणि दुसऱ्या प्रस्तावाचे लोक मला आपला माणूस समजून फोन करत आहेत. चार लोखंडी, सात लाकडी, अशा बाजूने मी मत देणार आहे, हे त्यांना सांगितल्यावर एकाने "तूसुद्धा?" असे विचारले. गॅलरी ठिगळ लावल्यासारखी दिसेल, हे खरे आहे.

यात मी पूर्णपणे निःपक्षपाती आहे असे मात्र कोणी समजू नये. आमच्या दारासमोरच्या कठड्याच्या वरच्या दांड्यावर एक खाच आहे, करंगळी जेमतेम बसेल एवढी, तेल लावल्यासारखी गुळगुळीत आणि काळी. चौकात भाजीवाला आला की आजी तिथून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडत असे, पुढे आई सोडत असे, आणि दोघींनी पन्नासेक वर्षे दोरी एकाच जागी घासल्यामुळे ती पडली आहे. तो दांडा चांगल्या सातांमध्ये निघाला. तो चारांमध्ये निघाला असता तर मी काय मत दिले असते, हे मी स्वतःला दोनदा विचारून पाहिले आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळे आले.

खोलीची एक किल्ली आता काकूंच्या सुनेकडे आहे. नव्या ट्रॅपमध्ये पाणी राहायला हवे, नाहीतर वास येतो, म्हणून ती आठवड्यातून दोनदा वर जाऊन बादलीभर पाणी ओतते. नातवाची बारावी असल्यामुळे तो दुपारी तिथे अभ्यासाला बसतो. आईच्या कोनाड्यात चष्म्याशेजारी त्याची कॅल्क्युलेटरची डबी आहे. काल सकाळी सातला काकूंच्या सुनेचा फोन आला होता. पाणी येऊन गेले, नळ बंद आहे, आणि खाली छताला हात लावून पाहिला, तो कोरडा आहे, एवढेच तिला सांगायचे होते.